भरतपूरचे सरोवर आणि डॉ. सलीम अली

राजस्थानच्या पूर्व सीमेजवळ भरतपूर नावाचे शहर आहे. शहराला लागूनच सखल जमिनीचा एक विस्तीर्ण पट्टा पसरलेला आहे. पावसाळ्यात नद्यांचे पाणी अजान नावाच्या बांधात साठते. तेथून ते पाटांनी या सखल भागात सोडले जाते आणि उन्हाळ्यात जेथे भेगाळलेली भुई दिसत होती, तेथे पाहता पाहता गोड्या पाण्याचे सरोवर चमकू लागते. हा बांध अठराव्या शतकात भरतपूरचा राजा सूरजमल याने घातला. सरोवराच्या परिसरात केवलादेव या नावाने ओळखले जाणारे शंकराचे जुने देऊळ आहे. त्यावरून या स्थानाला केवलादेव असे नाव पडले. आसपासचे लोक मात्र दाट झाडीमुळे त्याला नुसते ‘घना’ म्हणतात.

त्या देवळाजवळ काही शिलालेख उभे आहेत. त्यांवर कोणा राजाचा पराक्रम कोरलेला नाही, दानाची नोंदही नाही. कोणत्या दिवशी, कोणत्या पाहुण्याने, किती बंदुकांनिशी किती पक्षी मारले, याचा तो हिशेब आहे! संस्थानाच्या काळात हे सरोवर बदकांच्या शिकारीसाठीच राखून ठेवले होते. १९०२ साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन येथे आला, तेव्हा एका दिवसात ५४० पक्षी पडले. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी लॉर्ड लिनलिथगो या व्हाइसरॉयच्या शिकारीत तर ४,२७३ पक्षी मारले गेले. एका दिवसातली ही संख्या वाचताना आज अंगावर शहारा येतो. त्या काळी ती मोठ्या अभिमानाने दगडावर कोरण्यात आली.

योगायोग असा, की त्याच दिवशी मुंबईच्या एका गृहस्थांना बेचाळीस वर्षे पूर्ण झाली. हे सरोवर बंदुकीच्या हातून सुटून पक्ष्यांच्या स्वाधीन व्हावे, यासाठी पुढे ज्यांनी आपला शब्द खर्च केला, तेच हे डॉ. सलीम अली.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. पुरते कळू लागण्याआधीच ते आईबापांना पारखे झाले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदाबेगम यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी या अनाथ भावंडांना पोटच्या मुलांप्रमाणे वाढविले. घर खेतवाडीत होते. मामा शिकारीचे शौकीन होते. त्यांनी भाच्याला छऱ्यांची एक छोटी बंदूक दिली आणि सलीमचा सारा वेळ चिमण्यांच्या मागे जाऊ लागला.

एके दिवशी त्याने पाडलेली चिमणी नेहमीसारखी दिसेना. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, असे त्याने मामांना विचारले. मामांनाही ते सांगता येईना. त्यांनी एक चिठ्ठी लिहून मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत पाठविले. ही संस्था १८८३ साली निसर्गाच्या अभ्यासासाठी मुंबईत स्थापन झाली होती. तेथील चिटणीस मिलार्ड हे इंग्रज गृहस्थ. साहेबाच्या कचेरीत पाऊल टाकताना त्या लहान मुलाचे काळीज धडधडत होते. पण मिलार्डनी त्याला आपुलकीने जवळ बसविले, ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले आणि कपाटातील खण एकामागून एक उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखविले. आपल्या देशात इतक्या जातींची पाखरे आहेत, हे त्या दिवशी त्याला प्रथमच कळले. एका मेलेल्या चिमणीने त्याच्यासाठी एका नव्या जगाचे दार उघडले.

त्याच सुमाराची दुसरी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. वास्तविक तीच अधिक सांगण्यासारखी आहे. भिंतीतल्या एका खबदाडात चिमणीचे घरटे होते आणि नर बाहेर राखण करीत बसे. सलीमने त्याला मारले. थोड्याच वेळात मादीजवळ दुसरा नर येऊन बसला. सलीमने त्यालाही पाडले. सात दिवसांत असे आठ नर पडले आणि प्रत्येक वेळी नवा नर हजर झाला. पोराचा हा खेळ क्रूरच होता, यात शंका नाही. पण त्याने जे घडले ते वहीत जसेच्या तसे लिहून ठेवले. त्यात स्वतःची कल्पना मिसळली नाही. सुमारे साठ वर्षांनी ते टिपण छापले गेले. पाहिलेले तेवढेच लिहायचे, ही सवय त्यांना शाळकरी वयात लागली होती.

पक्ष्यांच्या मागे लागून पोट भरण्याची सोय मात्र त्या काळी नव्हती. तरुणपणी त्यांना ब्रह्मदेशातील तव्हॉय येथे घराण्याच्या खाणीच्या व लाकडाच्या व्यवसायासाठी जावे लागले. तेथील रानात पाखरे विपुल होती. धंद्यापेक्षा त्यांचे लक्ष तिकडेच अधिक. व्यवसाय बुडाला आणि ते मुंबईस परतले. मधल्या काळात ते सेंट झेवियर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकले. तरी पदवी त्यांच्यापाशी नव्हती, म्हणून सरकारी प्राणिशास्त्र विभागात त्यांना जागा मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात मार्गदर्शकाची नोकरी लागली. पुढे रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिन येथे श्ट्रेसेमान या थोर पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी शास्त्रशुद्ध शिक्षण घेतले. १९३० साली मायदेशी येऊन पाहतात तो त्यांची जागाच रद्द झालेली! पैशाच्या टंचाईमुळे संग्रहालयाला ती ठेवता आली नव्हती.

मुंबईचा खर्च झेपेना, तेव्हा पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी राहू लागले. घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळाभर शिडीवर बसून सलीम अली त्या घरट्यांकडे टक लावून पाहत राहिले. आपल्या भाषेने या पक्ष्याला सुगरण असे स्त्रीचे नाव देऊन घरटे विणण्याचे सारे श्रेय मादीला दिलेले आहे. सलीम अलींना दिसले ते वेगळेच. विणकाम नर करतो. घरटे अर्धे झाले की माद्या ते पारखण्यास येतात. एखादीला पसंत पडले, तर ती तेथे संसार थाटते. मग नर ते पुरे करून लगेच दुसरे घरटे विणावयास घेतो. हे त्यांच्यापूर्वी कोणी इतक्या बारकाईने नोंदविले नव्हते. बेकारीच्या त्या दिवसांत केलेल्या या अभ्यासानेच पक्षिशास्त्राच्या जगात त्यांचे नाव झाले.

यापुढील आयुष्य भटकंतीचे. निरनिराळ्या संस्थानांना त्यांनी एक साधी योजना कळविली: संस्थानाने फक्त मुक्कामाचा व प्रवासाचा खर्च करावा, पक्ष्यांची पाहणी आपण विनावेतन करून देऊ. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, भोपाळ, ग्वाल्हेर अशा एकेका संस्थानात तंबू पडू लागले. तेहमिनाबाई सुखवस्तू घरात वाढलेल्या. पण रानातील तंबूत त्या आनंदाने राहिल्या आणि पतीच्या लेखनाची भाषाही त्या सुधारून देत. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. सलीम अलींवर हा मोठाच आघात होता. त्यानंतर ते बहिणीच्या घरी राहू लागले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांविषयीचे त्यांचे सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. सामान्य माणसालाही पाखरू पाहून त्याचे नाव शोधता यावे, अशी त्याची रचना होती. पंडित जवाहरलाल नेहरूंनी ते डेहराडूनच्या तुरुंगातून आपली कन्या इंदिरा हिला पाठविले होते, ही गोष्ट पुढे उपयोगी पडावयाची होती.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली आणि भरतपूरच्या सरोवराचे काय करावयाचे, हा प्रश्न उभा राहिला. आसपासच्या शेतकऱ्यांचे म्हणणे होते, की हे पाणी काढून टाकावे आणि जमीन नांगराखाली आणावी. राजाच्या हौसेसाठी राखलेल्या तळ्याविषयी त्यांना प्रेम वाटावे तरी का? देशात धान्याची टंचाई होती. त्यांची मागणी सर्वस्वी चुकीची होती, असे कोणी म्हणू नये. पण एकदा पाणी गेले, की पक्षीही जाणार, आणि असे दुसरे सरोवर मागून मिळणार नाही, हे सलीम अलींना स्वच्छ दिसत होते. त्यांनी हे गाऱ्हाणे थेट पंतप्रधान नेहरूंपर्यंत पोचविले. नेहरूंना पाखरांची ओळख होती आणि सलीम अलींचीही. त्यांनी लक्ष घातले, सरोवर वाचले आणि १९५६ साली ते पक्ष्यांचे अभयारण्य झाले. माजी राजांचा शिकारीचा हक्क मात्र त्यानंतरही बरीच वर्षे, १९७२ पर्यंत, टिकून राहिला.

हे सरोवर का वाचवावयाचे, हे समजण्यासाठी थंडीतल्या एखाद्या पहाटे तेथे नावेतून जावयास हवे. पाणी उथळ, कोठे गुडघाभर तर कोठे पुरुषभर. म्हणून तेथे वल्ह्यांची नाव चालत नाही. सपाट बुडाची लांबट नाव असते आणि नावाडी मागे उभा राहून लांब बांबूने तळाला रेटा देत ती पुढे सरकवितो. आवाज होतो तो फक्त बांबूवरून निथळणाऱ्या थेंबांचा. धुके विरळ होऊ लागते आणि पाण्यातल्या बाभळीच्या बेटांवर पांढरे, काळे, गुलाबी ठिपके दिसू लागतात. ते चित्रबलाक असतात. लांब पिवळी चोच, शेपटीजवळच्या पिसांवर गुलाबी झाक असा हा करकोच्याच्या कुळातला पक्षी. एकाच झाडावर त्याची अनेक घरटी असतात आणि त्यांतील पिले आईबापांनी आणलेल्या मासळीसाठी सारखा कलकलाट करीत असतात. एका हंगामात ही सारी पिले किती मासळी फस्त करीत असतील, याचाही हिशेब सलीम अलींनी मांडला होता. तो टनांत भरला!

नाव थोडी पुढे गेली, की ठुंठावर पंख वाळत घालून बसलेले पाणकावळे दिसतात. नुसती मान पाण्याबाहेर काढून सापासारखा पोहणारा तिरंदाज दिसतो. कमळाच्या पानांवरून लांब बोटांचा कमळपक्षी जमिनीवरून चालावे तसा चालत जातो. आणि उघड्या पाण्यावर थव्याथव्यांनी बदके तरंगत असतात. टोकदार शेपटीचे तलवार बदक, फावड्यासारख्या चोचीचे थापट्या, नारिंगी रंगाचे चक्रवाक, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हंस. हे सारे पाहुणे. आश्विन-कार्तिकात येतात आणि उन्हे तापू लागली की परत जातात. कोल्हापूर, मलकापूर या बाजूच्या मुलांनीही थंडीत रंकाळ्यावर अशी बदके पाहिली असतील.

पण येतात कोठून? जातात कोठे? पक्षी स्थलांतर करतात, हे लोकांना पूर्वीपासून ठाऊक होते. मात्र भरतपूरच्या पाण्यावर बसलेले हे एक बदक नेमके कोठल्या गावाहून आले, हे कोण सांगणार?

ते सांगण्याची युक्ती म्हणजे पायातील कडे. पक्ष्याला इजा न करता पकडावयाचे, त्याच्या पायात हलक्या धातूचे लहानसे कडे अडकवावयाचे आणि त्याला सोडून द्यावयाचे. कड्यावर क्रमांक आणि सापडल्यास मुंबईच्या संस्थेला कळविण्याची सूचना. वहीत त्या क्रमांकापुढे जात, दिनांक, ठिकाण व वजन यांची नोंद. तो पक्षी पुढे जगात कोठेही कोणाच्या हाती लागला आणि त्याने पत्र लिहिले, की प्रवासाची दोन टोके जुळली.

हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू होण्यास एक रोग कारण झाला. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांनाही ताप येऊ लागला. गोचिडींमुळे पसरणाऱ्या या तापाचे रशियातील एका रोगाशी साम्य होते. तिकडून येणारे पक्षी आपल्या अंगावरून अशा गोचिडी आणत असतील काय, अशी शंका जागतिक आरोग्य संघटनेला आली. तिच्या साहाय्याने १९५९ साली सलीम अलींच्या देखरेखीखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांना कडी घालण्याची मोहीम हाती घेतली. शोधावयास निघाले होते रोगाचा माग. हाती लागला तो पाखरांचा मार्ग.

भरतपूर हे या मोहिमेचे एक मोठे ठाणे झाले. पक्षी पकडण्यासाठी बिहारमधील मीरशिकार बोलावण्यात आले. पिढ्यान्‌पिढ्या पाखरे पकडून विकणे हा त्यांचा धंदा. जाळे कोठे लावावे, वारा कोणत्या बाजूचा असावा, पाखराच्या पंखाला धक्का न लागता ते कसे सोडवून घ्यावे, हे त्यांच्या हातांना ठाऊक होते. कोणत्याही विद्यापीठात ते शिकविले जात नव्हते. सलीम अलींनी त्यांच्या कसबाची कदर केली. ज्या सरोवरावर पूर्वी पडलेली पाखरे मोजली जात, तेथे आता पाखरे हातात घेऊन, कडे घालून, उडवून दिली जात आणि उडालेली मोजली जात.

मग पत्रे येऊ लागली. भरतपूरला कडे घातलेली बदके सोव्हिएत देशात, थेट सायबेरियात सापडली. ज्या प्रदेशाचे नुसते नाव भरतपूरच्या शेतकऱ्याने ऐकले नसेल, तेथल्या नद्यांवर जन्मलेली पाखरे दरसाल त्याच्या शेताशेजारी येऊन उतरत होती. हे सरोवर एका राजाचे नव्हते, एका गावाचे नव्हते. उत्तरेकडच्या दूरदूरच्या देशांतील पाणथळींशी ते अदृश्य वाटांनी जोडलेले होते. वहीतील क्रमांकांनी ही गोष्ट सिद्ध केली.

सलीम अलींचे वय वाढत होते, पण काम थांबत नव्हते. अमेरिकन शास्त्रज्ञ डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा महाग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात दहा खंडांत पूर्ण झाला. १९५८ साली पद्मभूषण व १९७६ साली पद्मविभूषण हे किताब त्यांना मिळाले. १९७६ मध्येच त्यांना गेटी पारितोषिकाचे ५० हजार डॉलर मिळाले; ते त्यांनी निसर्गरक्षणाच्या कामासाठी सोसायटीच्या हवाली केले. एवढे मोठे शास्त्रज्ञ, पण शिकारीला त्यांनी कधी सरसकट नावे ठेवली नाहीत. अभ्यासासाठी त्यांनी स्वतः पुष्कळ पक्षी मारले होते आणि ते लपविण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांचा विरोध होता तो नुसत्या हौसेसाठी होणाऱ्या संहाराला, आणि त्याहूनही अधिक, पक्ष्यांचे घरच नाहीसे करण्याला.

भरतपूरला नंतर राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि १९८५ साली जागतिक वारसा स्थळांच्या यादीत त्याचे नाव आले. परंतु मध्यंतरी एक दुःखद प्रकरण घडले. आसपासच्या गावांतील म्हशी पूर्वापार या सरोवरात चरत असत. राष्ट्रीय उद्यानात गुरे नकोत, असे ठरवून १९८२ साली चराई बंद करण्यात आली. सलीम अलींचेही मत या बंदीच्या बाजूचे होते. गावकऱ्यांची उपजीविका म्हशींवर. ते खवळले, संघर्ष झाला आणि गोळीबारात काही गावकरी प्राणास मुकले.

बंदीने पक्ष्यांचे कल्याण होईल, अशी सर्वांची अपेक्षा होती. सोसायटीचे शास्त्रज्ञ १९८० पासूनच सरोवराचा दीर्घ अभ्यास करीत होते. ऋतूमागून ऋतू नावेतून फिरून ते पाणी, वनस्पती, मासे व पक्षी यांची मोजदाद करीत. त्यांच्या नोंदी काही निराळेच सांगू लागल्या. म्हशी नाहीशा झाल्यावर पाणगवत बेसुमार माजले, उघडे पाणी आक्रसले आणि बदकांना उतरावयास जागा कमी पडू लागली. म्हशी तुडवीत, चरत होत्या म्हणूनच पाणी मोकळे राहत होते.

डॉ. सलीम अली २० जून १९८७ रोजी मुंबईत वारले. त्या वेळी त्यांचे वय नव्वद वर्षांचे होते. सरोवराच्या अभ्यासाचा अंतिम अहवाल त्यांच्या पश्चात पुरा झाला. त्यांच्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यात म्हशींविषयीचा निष्कर्ष स्पष्ट शब्दांत लिहिला. संस्थेचे आणि तिच्या थोर अध्वर्यूचे आधीचे मत वेगळे होते, म्हणून तो दडविला नाही. गावकऱ्यांना परवान्याने आत येऊन हातांनी गवत कापून नेण्याची मुभा मिळाली. मग हिवाळ्यात भारे डोक्यावर घेतलेले गावकरी त्या बांधांवरून जाताना दिसू लागले आणि पलीकडे मोकळ्या झालेल्या पाण्यावर बदके उतरलेली असत.